डाव्या हाताचे वेढे

९ फेब्रुवारी

प्रिय काका,

काल संध्याकाळी मी जो दोर बसायच्या जागेजवळच्या नव्या पकडीत अडकवून घरी आले, तो आज सकाळी डोलकाठीवरच्या जुन्या खुंट्याला गुंडाळलेला कसा होता? याचं उत्तर मला येत नाही. सकाळपासून दोन-तीन उत्तरं रचून पाहिली आणि प्रत्येक मीच खोडून टाकलं, म्हणून तुला लिहिते आहे.

फोन केला असता, पण आपल्या घरात फोनवर बोलणं म्हणजे आईच्या कानात बोलणं. ती स्वयंपाकघरातून एक शब्द बोलत नाही आणि एक शब्द सोडतही नाही.

गेल्या वेळी तुझ्याकडून नुसतं सामान मागवलं, कशासाठी ते धड सांगितलं नाही. बेटावरच्या शाळेत माझी नेमणूक झाली आहे. लाँच बंद झाल्यापासून तिथे एकही शिक्षक टिकलेला नाही. मुलं रोज येतात, अंगणात बसतात आणि उन्हं चढली की घरी जातात, असं तिथल्या एका आजीने मला सांगितलं. आपल्या घरात पहिल्यांदा कोणी पदवीपर्यंत पोचलं, आणि त्या पदवीच्या जोरावर मी पहिलं वाक्य काय बोलायचं, तर जायला सोय नाही? सोय आहे. मिस्त्रींच्या छपरात, ठोकळ्यांवर, ताडपत्रीखाली उभी आहे.

अडचण एवढीच की बाबांची बोट दोन माणसांची आहे. एक सुकाणूवर, एक डोलकाठीपाशी. वारा वाढला की शीड आखडून लहान करावं लागतं, आणि ते आखडायचा दोर डोलकाठीवरच्या खुंट्याला असतो. माणूस एकटा असेल तर त्याने सुकाणू सोडून हलत्या डेकवरून पुढे जायचं, दोर सोडवायचा, ओढायचा, पुन्हा गुंडाळायचा. बाबा त्या संध्याकाळी तेच करायला पुढे गेले असणार. बोट वाळूच्या पट्ट्यावर सापडली तेव्हा शीड अर्धं खाली होतं. खुंट्यावर दोनच वेढे होते, वरचा शेवटचा फास घातलेला नव्हता. बाबा सापडले नाहीत.

म्हणून मी सगळे दोर मागे आणते आहे. डोलकाठीच्या पायथ्याशी एक कप्पी, तिच्यातून दोर डेकवरून सरळ मागे, आणि सुकाणू धरलेल्या माणसाच्या हाताशी दात्यांची पकड. दोर ओढला की सरकतो, सोडला की दाते त्याला चावून धरतात. बसल्या जागेवरून उठायचं नाही. इतकी साधी गोष्ट, काका. ही आधी झाली असती तर, हा विचार दिवसातून एकदाच करायचा असं मी ठरवलं आहे. पाळलं जात नाही.

तर तो दोर. शीड चढवायचा दोर नव्या जागी होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. फक्त आखडायचा दोर पकडीतून सोडवून, कप्पीतून परत काढून, खुंट्यावर गुंडाळला होता. नीट, ओल्या कपड्याला पीळ द्यावा तसा घट्ट. आणि उलटा. तू, मी, मिस्त्री, या किनाऱ्यावरचा प्रत्येक माणूस उजवीकडून वेढे घालतो. डावीकडून घालणारा एकच होता.

आईला मी काही बोललेले नाही. तिला बोटीतलं काही कळत नाही. मी तर तिला बोटीवर चढताना कधी पाहिलेलंही नाही. आणि बाबांबद्दल ती अजूनही ‘गेले’ म्हणत नाही, ‘आले नाहीत’ म्हणते.

मी विज्ञानाची पदवीधर आहे. हसू नकोस.

तुझी पुतणी


१७ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

हसलो नाही. पदवीधर मुलीला हसायची या घरात कोणाची छाती आहे?

पार्सलमध्ये बॉल बेअरिंगच्या दोन कप्प्या आहेत, दुसरी पकड आहे आणि स्टीलच्या जाड पट्ट्या आहेत. त्या पट्ट्या बघून ‘हे काय लोखंड पाठवलंय’ म्हणू नकोस. डेकवर नुसते स्क्रू मारून मोकळी झालीस तर पहिल्या जोराच्या वाऱ्याला पकड लाकडासकट उपटून तुझ्या मांडीवर येईल. आरपार बोल्ट, आणि खालून पट्टी. भोक आधी मोठं पाडायचं, त्यात राळ भरायची, सुकू द्यायची, आणि मग त्या राळेतून बारीक भोक. म्हणजे लाकडाला पाणी लागत नाही. सुकू द्यायची म्हणजे खरंच सुकू द्यायची. तुला धीर नाही, हे मी तू दुपट्यात होतीस तेव्हापासून बघतोय.

गोदामातले साहेब विचारत होते, इथे समुद्राचं नाव नाही आणि तू कप्प्या कोणासाठी घेतोस? म्हटलं, माझी एक पुतणी आहे, ती आमचं घर हळूहळू पाण्यात नेते आहे. ते हसले. मीही हसलो.

दोराचं म्हणशील तर छपराला दार नाही, वारा आत येतो, वारा काहीही करतो. फार विचार करू नकोस. जुना खुंटा मात्र सध्या आहे तिथे राहू दे. तो काही खायला मागत नाही.

वहिनी बरी आहे ना? अजून पहाटेच उठते का?

काका


२६ फेब्रुवारी

प्रिय काका,

वारा दाराची कडी वाजवतो, पत्रा उडवतो. वारा डावीकडून चार वेढे घालून वर फास देत नाही. तू कप्प्यांबद्दल पानभर लिहिलंस आणि मी विचारलं होतं त्यावर तीन ओळी. माझ्या हाताखाली शिकत असतास तर तुला मी नापास केलं असतं.

पुन्हा झालं. दुसरी पकड बसवली, राळ सुकू दिली (दिली, खरंच), दोर ओवला, चालवून पाहिला. इतका गोड चालला की मी एकटीच हसत बसले होते. एका हाताने शीड आखडतं, काका. सकाळी जाऊन बघते तर दोर खुंट्यावर. तेच वेढे.

मग मिस्त्रींना गाठलं.

“मिस्त्री, माझ्या दोराला तुम्ही हात लावता का?”

“मला माझ्या घरची कडी लावायचं ध्यानात राहत नाही, तुझा दोर कुठे लावत बसू?”

“मग कोण लावतं?”

त्यांनी करवत थांबवली. “वेढे बघितलेस?”

“बघितले.”

“मग मला कशाला विचारतेस?”

मी म्हटलं, हा खुंटाच काढून टाका, म्हणजे प्रश्नच नको. ते म्हणाले, “तुझ्या बापाने बोट दाखवलं तिथे मी तो बसवलाय. मी काढणार नाही. पाना त्या फळीवर आहे, हात तुला दिलेत देवाने.”

मी पाना लावला. नट हलला नाही. खरं सांगायचं तर मी जोर लावला नाही. छपरात कोणी नव्हतं, मिस्त्री चहाला गेले होते, आणि मी त्या खुंट्याकडे बघत मोठ्याने ‘बाबा’ अशी हाक मारली. नंतर इतकी लाज वाटली की पाना तिथेच टाकून घरी आले. आईने विचारलं, “हात थंड का ग पडलेत?” म्हटलं, पाण्याने.

काका, मला भुतांची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती याची, की मी ही बोट बदलते आहे आणि कोणीतरी ‘नको’ म्हणतं आहे. पण मी चुकते आहे असं कोणी मला पटवून द्यावं. बोटीची मांडणीच चुकीची होती. दोन माणसांची बोट, आणि दुसरा माणूस निघून गेलेला. मग दुसरं काय होणार होतं?

खुंटा का राहू द्यायचा, ते तरी सांग.

तुझी पुतणी


६ मार्च

चि. पुतणीस,

आशीर्वाद. सोबत उरलेली कप्पी आणि सीलंटची नळी. तू मागितलेलं सगळं आता पोचलं.

दुसरा माणूस निघून गेला होता, हे बरोबर आहे.

इकडे काम फार आहे.

काका


१४ मार्च

प्रिय काका,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. ते वाक्य मी बोटीबद्दल लिहिलं होतं. लिहिताना मला दोर दिसत होते, तू दिसत नव्हतास. हे कारण नव्हे, हाच माझा दोष आहे. तू त्या गोदामात जाऊन राबलास म्हणून मी कॉलेजच्या बाकावर बसले, हे मला न सांगता कळायला हवं. माफ कर. नाही केलंस तरी पत्र लिही.

बातमी एवढीच की बोट पाण्यात उतरली. धक्क्याच्या पायऱ्यांशी बांधली आहे. मिस्त्रींनी मला पाच वेळा मूर्ख म्हटलं आणि सहाव्या वेळी ‘शाबास’ म्हटलं, तेही दुसरीकडे बघून. उतरवल्यापासून दोर जागचा हललेला नाही. रोज सकाळी जाऊन बघते. जे काही होतं ते जमिनीवरच राहिलं असावं.

येत्या रविवारी एकटी जाऊन येते, वाळूच्या पट्ट्यापलीकडे, बेटाच्या निम्म्या वाटेपर्यंत. आईला सांगितलं. ती म्हणाली, “किती वाजता निघणार?” बाकी काही नाही.

तुझी पुतणी


१४ मार्च

मास्तरीणबाई,

तुझं उत्तर येण्याआधी लिहितोय. मागची चिठ्ठी टाकली आणि पेटीत पडल्याचा आवाज आला तशी ती परत काढावीशी वाटली. तू लिहिलंस ते मी स्वतःला इतक्यांदा म्हटलंय की दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं की चोर पकडल्यासारखं होतं. तुझी चूक नाही.

माझ्या खोलीसमोर एक कचेरी आहे, तिच्या दारात झेंड्यांचे तीन खांब. वारा सुटला की खांबाची तार खांबावर आपटते. टक, टक, टक. अगदी डोलकाठीवर सुटा दोर आपटतो तसं. इथे समुद्र नाही, पण मी झोपेतून उठून हात पुढे करतो, दोर धरायला. भिंत लागते. एकदा त्या कचेरीच्या रखवालदाराला जाऊन म्हटलं, बाबा रे, ती तार नीट बांध. तो म्हणाला, तुम्हाला काय त्रास? काय सांगणार?

आता ऐक. मी तुला सरळ सांगितलं नाही, कारण सांगायचा हक्क माझा नाही असं वाटलं. तू म्हणतेस वहिनीला बोटीतलं कळत नाही. तू जन्मायच्या आधी आणि मी मोठा व्हायच्या आधी, डोलकाठीपाशी वहिनी असायची. नवीन लग्न झालेलं, लोक नावं ठेवायचे, दोघं ऐकायची नाहीत. दोर तिला दादाने शिकवले. दादा डावखुरा, शेजारी उभा राहून शिकवणार, आणि ही बघून बघून शिकणार. म्हणून तीही डावीकडून वेढे घालते. तो खुंटा तिच्या हाताच्या उंचीला बसवलाय. दादाचा एकच नियम होता: डोळे मिटून हात जिथे जाईल तिथे दोर असला पाहिजे. दोराची जागा कधी बदलायची नाही. तू पोटात आलीस आणि ती जमिनीवर आली, मग मी गेलो तिच्या जागी.

तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला समजलं. तिला विचारू नकोस, एवढंच माझं म्हणणं. खुंट्याला एक सुटा दोर गुंडाळून ठेव, कशालाच न जोडलेला. तिचं समाधान होईल, तुझं काम होईल.

आणि तोवर, पाण्यात जाताना दर वेळी आधी पकड बघ. दर वेळी.

काका


२० मार्च

प्रिय काका,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी रविवारी जाऊन आले होते.

सगळं क्रमाने लिहिते, मध्ये थांबले तर पुढे लिहिता येणार नाही. सकाळी निघाले तेव्हा ऊन होतं, वारा मवाळ होता. दोर रोज बघायचे, त्या दिवशी घाईत बघितला नाही. रेनकोटचं गाठोडं मी पकडीवरच टाकलं होतं. शीड चढवलं, बोट चालू लागली, आणि मला वाटलं, पदवी मिळाली तेव्हासुद्धा इतका आनंद झाला नव्हता. वाळूचा पट्टा मागे पडला. मग वारा एकदम आला. बोट एका कुशीवर झोपली, पाणी काठाशी आलं. मी जे शिकले होते ते केलं. शीड चढवायचा दोर ढिला केला, शीड अर्ध्यावर आलं आणि फडफडू लागलं, आणि मी आखडायचा दोर ओढायला गाठोडं बाजूला सारलं. पकड रिकामी होती.

दोर पुढे होता. खुंट्यावर.

मी सुकाणू बांधलं आणि गुडघ्यांवर पुढे गेले. डोलकाठीला मिठी मारून उभी राहिले तेव्हा मला नेमकं कळलं की बाबा कुठे उभे होते. पाय कुठे असतील, पाठ कोणत्या बाजूला, शिडाखालची आडवी काठी कुठून फिरून आली असेल. छपरात हे वेढे मी दोनदा सोडवले होते, सावकाश, बघून. तिथे बघायला सवड नव्हती. माझा उजवा हात त्याच्या सवयीने फिरत होता आणि दर वेळी सुटायच्या ऐवजी एक वेढा वाढत होता. मग डावा हात पुढे आला. ‘मी पुढे केला’ असं लिहायला हवं, पण तसं मला आठवत नाही. त्याने वेढे उलगडले, दोर ओढला, पुन्हा गुंडाळला आणि वर फास दिला. मी आयुष्यात डाव्या हाताने चमचाही धरलेला नाही.

आखडलेल्या शिडाने परत आले. आई धक्क्याच्या पायरीवर उभी होती.

“कसं झालं?”

“छान झालं.”

“दोर?”

“दोराचं काय?”

“काही नाही. चल, जेवून घे.”

तिच्या साडीचा काठ ओला होता. तो सकाळपासून ओला असणार, हे मला तुझं पत्र आल्यावर सुचलं.

तू विचारू नको म्हणालास. मी विचारलं. ती भांडी पुसत होती.

“आई, तू बाबांबरोबर बोटीवर जायचीस?”

“भाऊजींनी सांगितलं वाटतं. त्यांच्या पोटात काही राहत नाही.”

“तो दोर तू हलवतेस.”

“हलवतेस तू. मी जागेवर ठेवते.”

“आणि रविवारी? मध्ये तर तू थांबली होतीस.”

“रविवारी तू एकटी जाणार होतीस.” तिने ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, जशी एखाद्या लहान मुलीला घड्याळ शिकवते आहे. “ते तिकडेच आहेत ना कुठेतरी. बोट बघतील, ओळखतील. पाण्यातून वर आलेल्या माणसाला डोळ्यांनी काय दिसतं? हात जिथे जातो तिथे दोर हवा. जागा बदलली असती तर ते चाचपडत बसले असते. म्हटलं, तुला सोबत होईल.”

“आई, बाबा येणार नाहीत.”

“तू शिकलेली आहेस. तुला माहीत असेल. मला नाही माहीत.”

मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली भांडी पुसली.

वाऱ्याचं तिला काही सांगितलेलं नाही. पकड रिकामी होती, मी पुढे गेले, हे काहीच तिला माहीत नाही. सुटा दोर बांधण्याचं तू म्हणतोस ते होणार नाही. ती दोर ओढून बघते, पलीकडे ताण आहे का ते. आणि असता तरी मला आईला खोटा दोर द्यायचा नाही. एक दोर दोन ठिकाणी राहत नाही, काका. शाळा पुढच्या महिन्याच्या एक तारखेला उघडते. काय करू?

तुझी पुतणी


२५ मार्च

मास्तरीणबाई,

तुझं पत्र वाचून जिन्यात बसलो. शेजारच्यांनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं घरी कोणी गेलं. म्हटलं, नाही, गेलं नाही.

त्याच टपालात वहिनीचं पत्र होतं. तिने मला आजवर पत्र लिहिलेलं नाही. तुझ्यासाठी उतरवून देतो, जसं आहे तसं:

‘भाऊजी, पोर तुमचं ऐकते. तिला सांगा की खुंटा काढू नको. बाकी बोट तिचीच आहे, रंग बदल, शीड बदल, मी चकार शब्द काढणार नाही. हा एवढा एक राहू दे. मी तिच्याशी भांडू शकत नाही, ती लगेच खरी कारणं सांगते.’

निरोप पोचवला. आता माझं ऐक. तिला रविवारचं सगळं सांग. तू आजवर खरं बोलून घरात सगळ्यांचा जीव नकोसा केलास, मग आताच का थांबलीस? सांगितलंस की ती स्वतः पाना आणून तुझ्या हातात देईल. दादाची वाट बघते हे खरं, पण तुझ्या जिवापुढे दादासुद्धा नाही. एक वाक्य बोल आणि मोकळी हो. खुंटा न काढता मात्र पाण्यात जाऊ नकोस. मला अजून एक रविवार झेपणार नाही.

काका


२ एप्रिल

प्रिय काका,

हे पत्र बेटावरून लिहिते आहे. शाळेत एक खोली मला राहायला दिली आहे. खिडकीला काच नाही, पण टेबल मजबूत आहे. काल सकाळी पोचले तेव्हा मुलं अंगणात बसली होती. आत या म्हटलं तर उठेनात. एक मुलगी म्हणाली, “बाई, तुम्ही उद्यापण येणार का? मग उद्या आत बसतो.” आज आत बसली.

तू म्हणालास ते खरं आहे. एका वाक्यात काम झालं असतं, आईने पाना आणून दिला असता. त्यासाठीच मी ते वाक्य बोलले नाही.

मी खूप विचार केला. तिला रविवारचं कळलं असतं, तर तिला कळलं असतं की तिने सोबत म्हणून ठेवलेला दोर मला घेऊन बुडत होता. तेवढ्यावर ती थांबली नसती. ती मागे गेली असती. तो खुंटा तिच्या हाताच्या उंचीला बसवलेला, तिथेच दोर हवा हा नियम तिने जपलेला, आणि बाबा त्या संध्याकाळी सुकाणू सोडून तिथवर गेले. भांडी पुसता पुसता तिने हे सगळं जोडलं असतं. मग ती धक्क्यावर वाट बघत उभी राहिली नसती. घरातल्या कुठल्यातरी कोपऱ्यात बसली असती, आणि तिथून तिला मी उठवू शकले नसते. आज तिला वाटतं, मी हट्टी आहे, शिकून माझं मन कोरडं झालं आहे. माझ्यावरचा राग ती आयुष्यभर वागवू शकेल. दुसरं तिला वागवता येणार नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून कोणापासून खरं लपवलं, आणि ते आईपासून. बरोबर की चूक, हे मला सांगू नकोस. आणि तिला कधीही सांगू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणे. हे राहू दे.

शनिवारी सकाळी मी तिला बोटीवर घेऊन गेले. ती सहज चढली, हाताला न धरता, आणि सरळ डोलकाठीपाशी जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं मी तिला ओट्याशी बघितलं. तिथे ती वेगळीच दिसत होती, पाय जरा फाकवलेले, अंग सैल. मी विचारलं, “आई, हा खुंटा काढू?”

“नको.”

“मी काढणार आहे.”

“मग विचारतेस कशाला?”

“न विचारता काढायचा नव्हता.”

ती बाजूला झाली नाही. मी तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. आदल्या दिवशी तेल सोडून ठेवलं होतं तरी नट दाद देईना. सगळं अंग लावलं तेव्हा ओरडल्यासारखा आवाज करून सुटला. दुसरा सोपा गेला. खुंटा हातात आला तो मी तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही. म्हणाली, “वजन आहे ग याला,” आणि पायऱ्या चढून घरी गेली. त्या क्षणापासून ती माझ्याशी बोललेली नाही. निघताना डबा भरून दिला, झाकण घट्ट लावून, आणि आत गेली.

भोकांत लाकडाची बुचं ठोकली, घासून सपाट केली, वर दोन हात व्हार्निश दिलं. काल येताना पट्ट्याच्या पुढे पुन्हा वारा वाढला. बसल्या जागेवरून शीड आखडलं. इथे नांगर टाकल्यावर मी पुढे गेले, डोळे मिटले आणि डोलकाठीवरून हात फिरवला. उजवा फिरवला, मग डावा. कुठेही काही लागलं नाही.

तुझी पुतणी